पातळ सोलचे शूज

आमच्या सोसायटीत थंडी आली की सगळ्यात आधी ती वॉचमनच्या डोक्यावर दिसते. माकडटोपी चढली की समजायचं, नेरूळला हिवाळा लागला. मग लिफ्टमध्ये डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारे स्वेटर भेटू लागतात, दूध आणायला खाली उतरणारे हात खिशात घालून उतरतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तापमानाचा फोटो टाकून खाली ‘महाबळेश्वर’ असं लिहितं. आमची थंडी ती केवढी, पंधरा-वीस दिवसांची. पण तेवढ्यात आम्ही सगळी हौस भागवून घेतो.

मी मात्र थंडी पायाने बघते. सकाळी उठलं की गॅलरीच्या दाराशी चपला काढायच्या आणि उजवा पाय फरशीवर टेकवायचा. उजवाच, कारण डावा आता काही सांगत नाही. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्याने सांगणं बंद केलं, किंवा बंद केलेलं मला त्या हिवाळ्यात समजलं. तेव्हापासून उजवा पाय हाच माझा थर्मामीटर. यंदा टोप्या चढल्या, स्वेटर निघाले, आणि आठ दिवस मी रोज उजवा पाय टेकवून उभी राहते आहे. फरशी टणक लागते, गुळगुळीत लागते. गार लागत नाही. यंदा थंडीच कमी आहे, असं मी मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हणाले. तो गळ्याभोवती मफलर गुंडाळून चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता. ‘असेल,’ तो म्हणाला, आणि पुन्हा पेपरात घुसला.

शूजच्या रॅकमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात ते शूज अजून आहेत. टाकवत नाहीत. राखाडी रंगाचे, पुढून पंजासारखे रुंद, आणि सोल इतकं पातळ की दोन्ही हातांत धरून गुंडाळले तर पोळीसारखी गुंडाळी होते. पहिल्यांदा घरी आणले तेव्हा मिलिंदने एक उचलून उलटसुलट बघितला आणि विचारलं, ‘हे शूज आहेत की मोजे?’

त्या शूजचं वेड मला दळवी सरांनी लावलं. सर आमच्याच सोसायटीतले, बँकेतून रिटायर झालेले, पासष्टीतही काटकुळे आणि चपळ. मला शुगर निघाली त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. आमच्या घराला शुगर नवीन नव्हती, माझ्या वडिलांना होती, आत्याला होती, त्यामुळे रिपोर्ट हातात आला तेव्हा मी रडले वगैरे नाही. चालायला लागले, चालता चालता पळायला लागले, आणि पळता पळता सरांच्या पाच-सहा जणांच्या घोळक्यात जाऊन पडले. कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर टेबलामागे बसणारी मी, पहाटे खाडीकडच्या रस्त्याने पळते आहे याचं मलाच नवल वाटायचं. तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर खाली येऊ लागली होती. मी जिंकते आहे, असं वाटत होतं.

‘मॅडम, हे जाड सोलवाले शूज म्हणजे पायाला गादीवर झोपवून ठेवणं,’ सर म्हणायचे. ‘जमीन फील झाली पाहिजे. कसं पळायचं ते पाय तुम्हाला सांगेल. तुम्ही फक्त ऐकायचं, नो टेन्शन.’

मी ऐकायला लागले. नोव्हेंबर होता. सातविणीच्या फुलांचा उग्र गोड वास अजून रस्त्यावर रेंगाळत होता आणि पहाटेची हवा पहिल्यांदाच बोचायला लागली होती. त्या पातळ सोलमधून मला नेरूळ पहिल्यांदा कळलं असं म्हटलं तरी चालेल. वीस वर्षं ज्या रस्त्यांवरून गेले त्यांना अंग असतं हे माहीत नव्हतं. पेव्हर ब्लॉकच्या फटी बोटांना मोजता यायच्या. झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा पट्टा डांबरापेक्षा गुळगुळीत असतो आणि दव पडलं की निसरडा होतो. गटाराचं लोखंडी झाकण सगळ्यात गार, त्यावर पाय पडला की पोटरीपर्यंत कळ जायची. खाडीजवळ बदामाची लाल पानं पडलेली असायची, ती कोरडी असली तर कुरकुरायची आणि भिजलेली असली तर पायाखाली गप्प बसायची. आणि खडी. बारीक खडीचा एकेक दाणा म्हणजे शिक्षा होती. मी ‘आई गं’ करत एका पायावर नाचायचे आणि सर पुढून ओरडायचे, ‘गुड, गुड, पाय बोलतोय.’

कधी वारा फिरायचा आणि पावणे गावाकडच्या कारखान्यांचा वास घेऊन यायचा. मिलिंद तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये मशीनवर बनलेले भाग तपासायचं काम करतो, त्यामुळे तो वास आमच्या घरातल्या शर्टांनाही असतो. धुकं म्हणून आम्ही ज्याचे फोटो काढायचो त्यात निम्मी धूळ असणार हे आम्हाला ठाऊक होतं. तरी त्या धुक्यात पळताना मला सुख व्हायचं. इतकं साधं, अंगाला लागणारं सुख मला त्याआधी किंवा त्यानंतर झालेलं आठवत नाही.

डिसेंबरच्या शेवटी शेवटी खडी टोचेनाशी झाली.

एका सकाळी रस्त्याचं खोदकाम चाललं होतं तिथून आम्ही गेलो. सगळे कडेने, जपून, एकेक पाऊल टाकत गेले. मी सरळ मधून गेले. पलीकडे पोचून मागे वळून बघितलं तर सर कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते. ‘तळवे तयार झाले तुमचे, मॅडम,’ ते म्हणाले. ‘दोन महिन्यांत. मला वर्ष लागलं होतं.’ मग त्यांच्यासकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झाकणाचा गारवाही डाव्या पायाला लागेनासा झाला होता, पण त्याचं मला काही वाटलं नाही. पाय थंडीला सरावला, एवढंच मनात आलं. घरी येऊन मी मिलिंदला तळवा दाखवला. मला खरंच अभिमान वाटला होता, आणि ही गोष्ट आज लिहिताना सगळ्यात जास्त लागते.

अभिमानाला कारणही तसंच होतं. मला आबांचे पाय आठवले होते.

आबा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडून आलेले, आणि उमेदीची सगळी वर्षं वाशीच्या बाजारात पोती उचलण्यात घालवलेले. आम्ही तेव्हा घणसोलीला राहायचो. थंडीच्या दिवसांत आई मला त्यांचा डबा घेऊन पहाटेच बाजारात पाठवायची. मटारचे ट्रक आलेले असायचे, सगळ्या गाळ्याला ओल्या हिरव्या शेंगांचा वास असायचा, आणि हमाल मंडळी फुटक्या खोक्यांच्या फळ्या पेटवून भोवती बसलेली असायची. एखादा निखारा बाहेर उडाला की आबा अनवाणी पायाने तो परत आत सारायचे, बोलणं न थांबवता, चहाचा घोट घेता घेता. आजूबाजूचे हसायचे. मी घरी येऊन भावाला सांगायचे, आबांचे पाय लोखंडाचे आहेत.

पुढे त्यांच्या चपलेतून खिळा वर आला होता. तो खिळा घेऊन ते बाजारातून घणसोलीपर्यंत चालत आले. जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. आमच्या नात्यात ती गोष्ट अजूनही सांगतात, पायात खिळा घेऊन माणूस घरी आला आणि तोंडातून हूं की चूं नाही. मी माझ्या मैत्रिणींना सांगितली होती. दळवी सरांनाही सांगितली होती, पळता पळता, आणि सर म्हणाले होते, ‘बघा, जीन्समध्येच आहे तुमच्या.’

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी पळून घरी आले, दारात शूज काढले आणि पाणी प्यायला आत गेले. मिलिंद हॉलमधून म्हणाला, ‘नंदा, हे काय?’ पांढऱ्या फरशीवर दारापासून स्वयंपाकघरापर्यंत लाल ठसे होते, एकाआड एक, फक्त डाव्या पायाचे. शूजच्या सोलमधून काचेचा तुकडा आरपार गेला होता. ‘पळण्याच्या नादात कळलं नाही,’ मी म्हणाले, आणि फडक्याने फरशी पुसली. मिलिंदने पट्टी बांधली. ‘भारी आहेस तू,’ असंही म्हणाला. दोघंही हसलो. मागे वळून बघितलं की ते हसणं मला ऐकू येतं.

मग संक्रांत आली. आबा-आई तेव्हाही माझ्या भावाकडे, करंजाड्याला राहत होते. भावाला उशिरा मूल झालं, त्याचं त्या वर्षी बोरन्हाण होतं. मी आत्या, त्यामुळे हलव्याचे दागिने माझ्याकडून. भाच्याला काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याचे बाजूबंद घालून पाटावर बसवला होता आणि तो बाजूबंद चाटण्यात गुंग होता. डोक्यावरून बोरं, कुरमुरे, उसाचे तुकडे, हलवा, चॉकलेटं ओतली आणि सोसायटीतली पोरं फरशीवर तुटून पडली. कॅरम बोर्डाच्या सोंगट्यांसारखा हलवा हॉलभर विखुरला. काटेरी, टणक दाणे. औक्षणाला जाणारी प्रत्येक बाई पाय उचलत होती, ‘आई गं’, ‘अरे देवा’ करत होती. माझी पाळी आली तेव्हा मी ताट घेऊन सरळ चालत गेले, ओवाळलं आणि तशीच परत आले.

‘ताई, टोचत नाही तुम्हाला?’ वहिनीने विचारलं.

‘मला कसलं टोचतंय,’ मी म्हणाले. ‘रोज खडीवरून पळते मी. तळवे तयार झालेत.’ बायका कौतुकाने बघायला लागल्या.

आबा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. ते हसत नव्हते.

‘नंदे, हिकडं ये,’ ते म्हणाले. ‘बस. पाय वर कर.’

‘आबा, सगळ्यांसमोर काय हे?’

‘कर म्हन्तो न्हवं.’

मी त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसून डावा पाय उचलला. त्यांनी तो स्वतःच्या मांडीवर घेतला. मुलीचा पाय बापाने मांडीवर घ्यावा हे मलाच कसंतरी झालं. तळव्यात हलव्याचे दोन दाणे रुतून बसले होते. पांढरे दाणे, पण एकाच्या कडेने लाल रेघ आली होती. त्यांनी अंगठ्याच्या नखाने एकेक दाणा उकरून काढला आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, ‘कळलं?’

‘हो,’ मी म्हणाले.

‘न्हाय कळलं,’ ते म्हणाले, आणि पाय खाली ठेवला.

पंगत उठल्यावर ते मला गॅलरीत घेऊन गेले. समोर अर्धवट बांधलेल्या इमारती होत्या, त्यांच्यामागे डोंगर निळसर झाले होते. आबा कठड्याला धरून उभे होते. त्यांचे पाय नेहमी बंद चपलेत असतात, उजव्याची दोन बोटं नाहीत म्हणून.

‘माजा खिळा ठावं हाय ना तुला?’

‘आहे की. सगळं सोसून चालत आला होतात.’

‘सोसलं न्हाय, बाय. कळलंच न्हवतं मला. घरी येऊन चप्पल काडाया लागलो, निगंना, तवा बगितलं.’ ते थांबले. ‘समदी म्हनाया लागली, लय सोसलं, लय सोसलं. बरं वाटलं ऐकाया. म्या म्हनू दिलं.’

मी विचारलं, ‘पण आधी कधी जाणवलं नव्हतं?’

‘साल-दोन साल पाय मुका झाला व्हता. कुनाला बोललो न्हाय. काम सुटलं असतं.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तुजं काय सुटतंय? तू सांगून टाक.’

निखारा आत सारणारा तो पाय मला परत आठवला. तेव्हा तो घट्टे पडलेला पाय होता की तेव्हाच मुका व्हायला लागला होता, हे आता कोण सांगणार. आबांनाही ठाऊक नाही. मी लहानपणापासून ज्याला ताकद समजत आले ते कदाचित एक दुखणंच होतं, आणि तेच मी खडीवरून पळताना वारसा म्हणून मिरवत होते.

पुढच्या आठवड्यात मी पायाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला टेबलावर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, नायलॉनच्या दोऱ्याने तळव्याला स्पर्श करतो, कळलं की ‘हो’ म्हणा. मी शाळेत कायम पहिल्या पाचात असायचे. नापास व्हायची सवय नाही. उजव्या पायाला ‘हो, हो, हो’ झालं. मग बराच वेळ शांतता. मला वाटलं, आता एखादं ‘हो’ यायला हवं. मी अंदाजाने म्हणाले, ‘हो.’ थोड्या वेळाने परत म्हणाले, ‘हो.’

‘मॅडम,’ डॉक्टर सावकाश म्हणाले, ‘आत्ता मी दोरा लावलेलाच नव्हता.’

मी डोळे उघडले. ते डाव्या पायापाशी उभे होते. ज्या वेळी लावला होता त्या वेळी मी गप्प होते.

त्यांनी शूज बघायला मागितले. मी पिशवीतून काढून दिले. त्यांनी त्यातला एक हातात वाकवला, दळवी सर वाकवून दाखवायचे अगदी तसाच. ‘ज्याला जमीन कळते त्याच्यासाठी हे शूज चांगलेच आहेत,’ ते म्हणाले. ‘तुम्हाला जमीन कळत नाहीये. गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही. उरलेलं सांभाळायचं. शुगर सांभाळा, आणि पाय रोज डोळ्यांनी बघा. काही बदललं तर त्याच दिवशी या.’

दळवी सरांना मी खरं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, ‘मी टाळ्या वाजवल्या होत्या ना.’ त्यांची चूक नव्हती, हे मी त्यांना पुष्कळ समजावलं. पाय सांगेल, फक्त ऐका, हे त्यांचं म्हणणं आजही मला पटतं. पाय गप्प झाला तर काय, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. न दुखणं ही चांगलीच गोष्ट, असं आपण धरून चालतो. दुखायचं थांबलं की देवाला नारळ देतो. खडी टोचेनाशी झाली त्या सकाळी मीही मनातल्या मनात आभारच मानले होते.

आता मी जाड सोलचे शूज घालून चालते. पळत नाही. मिलिंदने वर्कशॉपमधून तपासणीचा एक आरसा आणून दिला आहे, लांब दांड्याचा, रुपयाहून थोडा मोठा. पाइपच्या आतला भाग बघायला वापरतात. तो तळव्याखाली धरून मी रोज संध्याकाळी माझे पाय बघते, टाचेपासून सुरुवात करून बोटांच्या बेचक्यांपर्यंत. त्याच सुमाराला आबांचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही. ‘बगितलं?’ ‘बघितलं. तुम्ही?’ ‘तुजी आई बगती. मला वाकाया येत न्हाय.’ एवढंच बोलणं. चार वर्षांत एकही दिवस चुकलेला नाही.

डोळ्यांनी पाय रोज बघते, आणि जखम नसते. पण गारवा आरशात दिसत नाही. म्हणून ती सकाळची फरशी. डॉक्टरांनी ती सांगितलेली नाही, ती माझी मीच लावून घेतलेली आहे. उजव्या पायाने ‘गार’ म्हटलं की माझा दिवस बरा जातो. गेले आठ दिवस मी रोज त्याला विचारते, थोडी जास्त वेळ उभी राहते, कधी जागा बदलून कुंडीजवळच्या ओल्या फरशीवर टेकवते. आणि रोज स्वतःला सांगते की यंदा थंडीच कमी. मला भीती वाटते. इतकी की मिलिंदला आरसा धरून दे म्हणतानाही मी डावाच पाय पुढे करते, उजव्याचा विषय निघू नये म्हणून. फाईल कपाटात आहे, डॉक्टरांचा नंबर आहे, त्याच दिवशी या असं त्यांनी सांगितलेलं आहे. आबांनी साल-दोन साल काढली. मी आठ दिवस काढलेत.

आज आबांचा फोन सकाळीच आला. मी गॅलरीत होते, दोन्ही पाय फरशीवर. खाली वॉचमन शेकोटीपाशी हात शेकत उभा होता, समोरच्या बिल्डिंगच्या काचांवर दव धरलं होतं.

‘आज लय थंडी हाय बग,’ आबा म्हणाले. ‘तुजी आई गोधडी सोडंना. तिकडं हाय का?’

‘हो आबा,’ मी म्हणाले. ‘खूप आहे.’

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘कंच्या पायाला लागती?’ त्यांनी विचारलं.

मी खाली बघितलं. दोन्ही पाय फरशीवर शेजारी शेजारी, नीट उभे होते. मागे दार वाजलं. मिलिंद मफलर गुंडाळत गॅलरीच्या दारात येऊन उभा राहिला होता.

‘कुठल्याच नाही, आबा,’ मी म्हणाले. मिलिंदनेही ते ऐकलं.